दहाव्या खांबावरची

ब्रह्मांड एका बिंदूतून जन्माला आलं आणि देवीच्या कपाळावरचं कुंकू हे त्या आद्य बिंदूचंच चिन्ह आहे — हे वाक्य नारायण गेली सव्वीस वर्षं आठवी-नववीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला ऐकवत आला होता, आणि आज पहिल्यांदाच तो बिंदू त्याला इतक्या जवळून दिसत होता : तीन नंबरच्या ब्रशच्या टोकावर, लाल ऑइल पेंटचा, खालच्या बाजूला फुगत चाललेला, आता पडेल की मग पडेल असा, आणि तो कुठं टेकवायचा हे ब्रह्मांडानं नव्हे, मंगल कार्यालयाचे मालक दिग्विजयराव यांनी सांगितलं होतं. दोन भुवयांच्या मध्ये. बाराच्या आत, कारण बारानंतर मंडपवाले कापड लावायला येणार होते.

तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता आणि समोर, दहाव्या खांबावर, एक म्हातारी होती. पांढरं धुवट लुगडं, सुटलेले केस, हातात सूप, पायाशी कावळा, आणि कपाळ… कपाळ कोरं. ते कोरं कपाळ रंगवायला दीड दिवस लागला होता. रिकामी जागा रंगवणं सगळ्यांत अवघड, असंही तो मुलांना सांगायचा. मुलं त्यावर रिकामे कागद जमा करायची.

कार्यालय बारामती-इंदापूर रस्त्यावर, पिंपळीच्या पुढं, दोन्ही बाजूंनी उसात. बांधणाऱ्यानं खांब दहा काढले आणि नवदुर्गा नऊच निघाल्या, ही चूक नेमकी कोणाची यावर दिग्विजयरावांनी महिनाभर खल केला आणि शेवटी म्हणाले, "दहावी तुमीच बघा सर. कुठली बी चालंल. हात धुवायपाशी हाय, तितं कोण बघतंय." प्रत्येक खांबाखाली देवीचं नाव, त्याखाली ‘प्रतीक :’ आणि पुढं एक शब्द, ही कल्पना त्यांच्या मुलीची, पुण्यात शिकणाऱ्या संस्कृतीची. शैलपुत्री, प्रतीक : स्थैर्य. स्कंदमाता, प्रतीक : मातृत्व. कालरात्रीपाशी जरा अडचण आली. ती काळी. फोटोत नीट येणार नाही म्हणून दिग्विजयरावांनी ती तीन वेळा उजळ करायला लावली, आणि तिसऱ्या वेळेनंतर ती शेजारच्या महागौरीची जुळी बहीण झाली. आता फक्त खालच्या गाढवावरून ओळखू येते. प्रतीक : अज्ञानाचा नाश. तिन्ही वेळा नारायणनं मुकाट्यानं पांढरा मिसळला. तो वाद घालत नाही. वाद घालणारा माणूस म्हणून हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये त्याचा लौकिक आहे, तो वेगळा.

रंगकामाच्या बदल्यात कार्यालय एक दिवस त्याचं, असं ठरलं होतं, आणि तो दिवस उद्याचा होता. उद्या दुपारी बारा सदतीसला इथं त्याच्या भाचीचं, पूर्वीचं लग्न. पूर्वी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची, विनयाताईची मुलगी. विनयाताई बारामतीला पोस्टात काउंटरवर असते. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली.

सकाळी पावणेनऊला पूर्वीचा फोन आला होता.

"मामा, बोललास?"

"बोलतो."

"उद्या लग्न आहे, मामा."

"आज भीमातात्या कार्यालय बघायला यायचेत. समोरासमोर बोललेलं बरं असतं. फोनवर नीट होत नाही."

"मागच्या वेळी समोरासमोरच होता की तुम्ही दोघं."

होतो. खरंच होतो. डाळजच्या पाहुण्यांच्या घरी, साखरपुड्याची बोलणी चाललेली, आणि नवऱ्या मुलाचे चुलते भीमातात्या — भला माणूस, मोठ्यानं हसणारा — सहज विचारावं तसं म्हणाले, "कन्यादानाला कोण बसणार मंग?" आणि खोलीतले सगळे नारायणकडं बघायला लागले. सगळे म्हणजे ताईसुद्धा. ताईनं तर सगळ्यांच्या आधी बघितलं. त्या क्षणी त्याच्या तोंडात पोहे होते. पोहे चावता चावता मान हलते, म्हणजे हलतेच, कोणाचीही हलते… ती मान होकार समजली गेली. मामा-मामी बसणार, म्हणजे तो आणि त्याची बायको. ठरलं. पुढचा विषय वाजंत्रीचा निघाला. पोहे गिळून झाले तेव्हा वाजंत्रीचंही ठरलं होतं.

बाहेर आल्यावर पूर्वी गाडीपाशी उभी. "मला आईनं द्यायला हवंय. वाढवलंय तिनं. तू सांग त्यांना. तू बोललास तर ऐकतील." आणि तो म्हणाला होता, बोलतो. मग महिना गेला. आणि त्या महिन्यात तो काय करत होता, तर — नारायणला हे शिडीवर उभ्या उभ्या अगदी स्वच्छ दिसलं, उन्हात पत्रा दिसावा तसं — तो बोलण्याऐवजी रंगवत होता. एक वाक्य होतं. ‘तात्या, कन्यादानाला ताईच बसेल, पूर्वीची तशी इच्छा आहे.’ एवढंच. ते म्हणायला पाच सेकंद लागले असते, आणि ते न म्हणण्यासाठी त्यानं सात फुटांची देवी काढली.

धूमावती. पुस्तकं चाळून शोधली होती. सगळ्या देव्यांत विधवा अशी ही एकच. आणि विधवा असून देवी, म्हणजे बघा. लोक जेवून हात धुवायला येतील, मान वर करतील, विचारतील ही कोण, आणि चित्र सांगेल. मला काही सांगावं लागणार नाही. असा हिशेब. सूप काढलं ते लहानपणच्या, वालचंदनगरच्या क्वार्टरमधलं, आईचं, कडेला तार गुंडाळलेलं. खांबावर नेमका तिथंच विजेचा मोठा पॉइंट होता, पिण्याच्या पाण्याच्या मशीनसाठी ठेवलेला, मशीन काही आलं नाही. तर तो अख्खा बोर्ड नारायणनं सुपात बसवला, भोवती जोंधळे रंगवून. जवळ गेल्याशिवाय कळत नाही. या कामाचं त्याला आठवडाभर मनातल्या मनात कौतुक वाटत होतं.

आणि आज सकाळी कुशाबाई येऊन बसल्या. दिग्विजयरावांच्या आई. वारा लागतो म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची हात धुवायच्या जागेपाशी टाकून घेतली, आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"ही कोण रं मास्तर?"

"धूमावती, आजी."

"हिचं कपाळ ऱ्हायलं का?"

"राहिलं नाही. विधवा आहे ती."

"व्हय?" त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं घेतला. "मालक कशानं गेलं तिचं?"

आता हे सांगायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "भूक लागली होती तिला. शंकराला म्हणाली, खायला द्या. ते म्हणाले, थांब. पुन्हा म्हणाली. पुन्हा थांब. शेवटी तिनं त्यांनाच गिळलं."

दिग्विजयराव मागं येऊन उभे होते. "नवरा खाल्ला?" ते म्हणाले. "आन आपण ही जेवणाच्या हॉलात लावलीया?"

"लई येळ थांबली आसंल," कुशाबाई म्हणाल्या. "भूक लागल्यावर काय करंल ती?" मग अगदी त्याच सुरात, "पर कुंकू लाव बाबा हिला. लगनाचं घर हाय."

"आजी, पण तुम्ही स्वतः…" नारायण म्हणाला, आणि वाक्य कुठं जातंय हे दिसल्यावर त्यानं ते सोडून दिलं.

कुशाबाईंनी ते उचललं. "माझं काय घिऊन बसलास? मी हितं खाली बसलीया. माझ्याकडं कोण बघतंय? ही वर हाय. समद्यास्नी दिसती."

नारायणनं दिग्विजयरावांकडं बघितलं. कार्यालयाच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये ठराव लावलेला होता, विधवांना सर्व शुभकार्यांत मानाचं स्थान. ग्रामसभेत तो दिग्विजयरावांनीच मांडला होता, खाली त्यांचा फोटो होता.

"माझं काय म्हणणं न्हाय सर," ते म्हणाले, नजर कळताच. "आपण ठराव केलाय. पर ठराव गावापुरता हाय. पाव्हणं डाळजचं."

यावर काय बोलायचं? बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नारायणला तिथल्या तिथं चार मुद्दे सुचले, त्यांतला तिसरा तर फारच बिनतोड होता. तो म्हणाला, "लाल आहे का डबा?"

…आणि आता थेंब. टेकवला.

इतकं सोपं होतं ते. ब्रश उचलला तर मागं एक लहान, गोल, ओलं, चमकणारं काहीतरी, आणि म्हातारी बदलली. एका थेंबानं. आत्तापर्यंत ती बघत होती, कोणाकडं तरी, भुकेनं, चिडून, जरा थट्टेनंसुद्धा. आता ती कोणाच्या तरी बारशाला निघालेली आजी झाली, सुपात जोंधळे घेऊन. दीड दिवसाचं कोरं कपाळ गेलं, आणि गेल्याचं तिलाही काही वाटलेलं दिसलं नाही. खाली ‘प्रतीक :’ च्या पुढची जागा अजून मोकळीच होती. संस्कृतीनं व्हॉट्सॲपवर ‘मूव्ह ऑन’ असं सुचवलं होतं. तो हसला होता. आता दुसरं सुचेना.

भाऊजींच्या दहाव्याला — हे का आठवावं आत्ता — आतल्या खोलीत बायका ताईला घेऊन गेल्या होत्या आणि बाहेर भिंतीवर भाऊजींचा नवा फ्रेम केलेला फोटो डावीकडं कलला होता. सगळ्यांना दिसत होता, कोणी सरळ करत नव्हतं. मी केला. स्टुलावर चढून, एक डोळा मिटून. तेवढ्यात आतून बांगड्यांचा आवाज आला, काचेचा, बारीक, पाठोपाठ… आणि मला आठवतंय, मी त्या वेळी फोटोचा वरचा उजवा कोपरा आणखी अर्धं बोट खाली घेत होतो. फार सरळ बसला तो फोटो. अजून तसाच आहे. तिच्या घरी गेलं की मी त्याच्याकडं बघत नाही, सरळ आहे म्हणूनच.

ताई त्यावर कधी काही म्हणाली नाही. ती कशावरच म्हणत नाही. पोस्टात जाताना बारीक काळी टिकली लावते, गिऱ्हाइकाशी हसून बोलते. लग्नाकार्याला यायचं असलं की गाडीतून उतरायच्या आधी ती टिकली स्वतःच काढते आणि पर्समधल्या आरशाला चिकटवून ठेवते. परत जाताना लावते. कोणी सांगावं लागत नाही तिला. सांगायला लागलं असतं तर मी भांडलो असतो, असं नारायण स्वतःशी म्हणाला; आणि शिडीवरून उतरला.

भीमातात्या सव्वाबाराला आले. बरोबर टेम्पो, टेम्पोत दोन माणसं आणि पत्र्याचा एक भलाथोरला कूलर, लग्नात लावतात तसा, कपाटाएवढा, माणसाहून उंच.

"सर! का आता मामाच म्हणायचं?" तात्या मोठ्यानं हसले. "काय झ्याक रंगवलंय हो! आँ? ही गाढवावली कोण?"

"कालरात्री."

"गोरी हाय की."

"हो," नारायण म्हणाला. "आहे."

तात्या एकेका खांबापाशी थांबत, खालचा शब्द मोठ्यानं वाचत पुढं सरकत होते — तप, शौर्य, मातृत्व — आणि नारायण त्यांच्या मागून चालत होता, तोंडात वाक्य तयार. सकाळपासून ते त्यानं सगळ्या खांबांना म्हणून दाखवलं होतं. कात्यायनीपुढं तर सूरही चांगला लागला होता. तात्या, कन्यादानाला ताईच बसेल… तात्या, कन्यादानाला… आठवा खांब. नववा. आता दहाव्यापाशी ते थांबतील, वर बघतील, विचारतील. मग तिथूनच धरायचं. चित्राचं बोट धरून.

नवव्यापाशी तात्यांचा फोन वाजला. बोलत बोलत ते दहाव्याकडं पाठ करून उभे राहिले आणि बोलणं संपल्यावरही तसेच उभे राहिले.

"तात्या, एक बोलायचं होतं."

"बोला की."

"म्हणजे… उद्याचंच."

"बोला मोकळं. आमी काय वाघ हाय व्हय?" तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड, उबदार होता. चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, म्हणजे विरोध असं काही नव्हतं. हे वाक्य ऐकून हा माणूस कदाचित ‘बरं’ म्हणेल, असं नारायणला अचानक वाटलं, आणि त्यानंच तो घाबरला. तात्यांनी नाही म्हटलं तर पुढं काय करायचं ते ठाऊक होतं. गप्प बसायचं. ‘बरं’ म्हटलं तर? तर मग महिनाभर… आणि अकरा वर्षं… गप्प कशासाठी बसलो?

"ते," तो म्हणाला, "कूलर कुठं लावणार?"

"त्येच म्हणतोय मी! पोराच्या आजीला उकाडा सोसत न्हाय. ह्यो मोठा कूलर हाय, साध्या पॉइंटवर चालत न्हाय, भाडं देणाऱ्यानं बजावून सांगितलंय. तुमी महिनाभर हितं हाय, तुमाला म्हाईत. मोठा पॉइंट कुठं हाय?"

आणि नारायणनं हात वर केला. त्याला आठवतं त्याप्रमाणं, हातच आधी वर गेला. "सुपात," तो म्हणाला.

माणसांनी कूलर ढकलत आणला. पिना जोंधळ्यांमध्ये बसल्या, पहिल्याच झटक्यात. कूलर खांबाला टेकला, आणि पुढून बघितलं तर दहाव्या खांबावर आता देवी नव्हती. खाली, कूलरच्या पायांमधून, कावळ्याचा एक पाय तेवढा दिसत होता. कुशाबाईंनी खुर्ची उचलून वाऱ्याच्या झोतात घेतली.

"आन विनयाताईंना सांगा," तात्या निघताना म्हणाले, अगदी मनापासून, "उद्या मागं-बिगं बसायचं न्हाय. हितं पुढच्या खुर्चीत बसवा त्यास्नी. चांगलं वारं लागंल."

"सांगतो," नारायण म्हणाला.

मग बराच वेळ तो हात धूत राहिला. रंग टर्पेंटाइननं निघतो, पाण्यानं नाही, हे त्याला माहीत होतं. काय वाटत होतं त्याला? वाईट वाटायला हवं होतं, ते वाटतंय का हे तो जीभ फिरवून दुखरी दाढ शोधावी तसा शोधत होता, आणि सापडत होतं ते भलतंच. सुटल्यासारखं वाटत होतं. कोणी बघणार नाही. कोरं कपाळ पाहुण्यांतल्या कोणी बघितलं नाही, कुंकूही बघणार नाही. मी बंड केलं हे कोणाला कळलं नाही, आणि मोडलं हेही. सगळं एका कूलरमागं. इतकं नीटनेटकं माझं आयुष्यात काही झालं नव्हतं.

पूर्वीला त्यानं मेसेज लिहिला : ‘तात्यांशी बोललो.’ वाचून बघितला. खोटा नव्हता. पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘मग?’, आणि त्यानं फोन उलटा करून ठेवला.

चार वाजता ताई आली, एसटीनं, दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत उपरणं, ते तिनं आधी त्याच्या हातात दिलं. "उद्यासाठी. आणि दोघांनी उपास धरा, कन्यादान होईपर्यंत काही खायचं नाही. चहा चालतो म्हणाले गुरुजी." मग पदरानं घाम पुसत ती खांबांवरून फिरली. लहानपणी क्वार्टरच्या कंपाउंडवर कोळशानं चित्रं काढायची ती ताई; तो नुसता कोळसा धरायचा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला तिला ए ग्रेड होती आणि त्याला बी. मग तिचं लग्न झालं आणि तो ड्रॉइंगचा मास्तर झाला.

दहाव्यापाशी ती थांबली. कूलरचा वारा तिच्या केसांतून जात होता. ती वाकली.

"नारू, कावळा चुकलाय."

"काय?"

"बोटं चारही पुढं काढलीस. कावळ्याला पुढं तीन असतात, मागं एक. नाहीतर फांदी धरणार कसा तो?" ती तशीच वाकून, मान तिरकी करून कूलरच्या फटीतून वर बघायचा प्रयत्न करत होती. "वर कोण आहे?"

तिच्या कपाळावर टिकली नव्हती. एसटीतच काढलेली असणार. आज तर फक्त सामान ठेवायला आली होती, बघायला कोणी नव्हतं, तरी काढलेली. पर्स तिच्या काखेत होती, आणि त्या पर्समध्ये, आरशावर… आता सांगावं. आता पाहुणे नाहीत, तात्या नाहीत, समोर फक्त ताई आहे; ताई, वर तू आहेस. म्हणजे होतीस, बारापर्यंत. मी तुला— पण मग ती म्हणेल, बघू. आणि कूलर सरकवला तर तिला काय दिसेल? रंग अजून ओला असेल. लाल.

महिनाभर त्याला वाटत आलं होतं की आपण भीमातात्यांना भितो.

"एक देवी आहे," तो म्हणाला.

"ते कळतंय रे. कसली? सरकव की जरा हे धूड, बघू दे."

"नाही सरकत."

"वायर काढ, दुसरीकडं लाव."

नारायणनं उपरण्याची घडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दुसरीकडं लागत नव्हता. अख्ख्या कार्यालयात मोठा पॉइंट तो एकच होता.